सलीमभाईंनी फवारलेल्या आठ ओळी

ही बैठक मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी झाली. रक्कम तीस हजार रुपये. जागा, घनसावंगी तालुक्यातल्या एका शिवारातला मोसंबीच्या बागेतला आखाडा. आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतात बांधलेलं पत्र्याचं घर. हजर माणसं सहा. बागेचे मालक उत्तमराव, त्यांच्या पत्नी कौसाबाई, बांधाला बांध लागून असलेले सलीमभाई, पुण्याहून आलेल्या अंजली मॅडम, त्यांचे यजमान आणि मी.

तीस हजार ही पुण्यातल्या साठ घरांनी मोसंबीसाठी दिलेली आगाऊ रक्कम होती, घरटी पाचशे. ती आली होती फोनवरून. परत देण्यासाठी मात्र उत्तमरावांनी बँकेतून नोटा काढून आणल्या होत्या. "पैसे घेताना माणूस समोर नसला तरी चालतं सर, परत देताना लागतो," असं त्यांचं म्हणणं. नोटांचं पुडकं बाजेवर होतं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कौसाबाईंनी त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला होता. ते पुडकं पुण्याला जाणार की इथंच राहणार, म्हणजे ही साठ घरं उत्तमरावांची मोसंबी घेत राहणार की नाही, एवढाच प्रश्न होता. त्यांची सात वर्षांची बिनफवाऱ्याची शेती त्या उत्तरावर अडली होती.

मी तिथं का होतो ते सांगतो. मी जालन्यात राहतो. वय त्रेपन्न. घरात बायको, दोन मुली, आणि घराचे हप्ते फिटलेले आहेत. आधी मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, एका आडतीच्या दुकानावर हिशेब लिहीत होतो. गेली तेरा वर्षं रासायनिक औषध आणि खत न वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटाचा तपासनीस आहे. शेतकरी म्हणतो, मी विष मारत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, कशावरून? त्या दोघांच्या मधे उभं राहणं हे माझं काम. वर्षातून तीन-चार वेळा न कळवता शेतावर जायचं, पाहायचं, विचारायचं आणि सही करायची. माझी सही झाली की बाहेरच्या संस्थेचा माणूस येतो, फळांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतो आणि मग दाखला मिळतो.

लोकांना वाटतं तपासनीस पीक पाहतो. पीक मी शेवटी पाहतो. आधी बांधाखालचा कचरा पाहतो, विहिरीच्या कडेची झुडपं पाहतो, गोठ्यामागची जागा पाहतो. रिकामी बाटली फेकायला माणूस फार लांब जात नाही. मग फवारणीचा पंप उघडून वास घेतो. बांधावरचं गवत पिवळं पडून मुरडलं असेल तर तणनाशक पडलंय, बुडातून कापलेलं असेल तर विळा फिरलाय. औषधाच्या बाटलीची मापाची टोपणं लहान पोरं खेळायला घेतात. कुणाच्या अंगणात तसलं टोपण दिसलं की मी तिथला चहा घेत नाही. चहा घेऊन नंतर नापास करणं मला जमत नाही.

उत्तमरावांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बांधाखाली वाकून पाहत होतो. ते मागे येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही माझ्या शेतात चोर हुडकून राह्यले. हुडका. सापडला तर मला बी दाखवा."

सात वर्षांत सापडला नाही.

त्यांची बाग पावणेदोन एकरांची. बावीस ओळी, प्रत्येक ओळीत अकरा झाडं. मोसंबीच्या दोन ओळींमधली जमीन आमच्याकडे नांगरून, वखरून अंगणासारखी स्वच्छ ठेवतात. उत्तमराव तिथं गवत वाढू देत. फुलावर आलं की कापायचं आणि झाडाच्या बुडाशी अंथरायचं. वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या गावात पेटवून देतात. उत्तमराव त्या बारीक करून झाडाखाली टाकत. त्यानं जमिनीत ओल टिकते, गांडुळं राहतात, पाणी कमी लागतं. मोसंबी हे पाण्याला हपापलेलं झाड आहे. मधे पाऊस दगा देऊन गेला त्या वर्षी गावातल्या कितीतरी बागा वाळल्या आणि लोकांनी तोडून सरपण केलं. उत्तमरावांची बाग सुकली, पण जगली. गावानं त्याचा अर्थ असा काढला की त्यांच्या विहिरीला झरा मोठा आहे. विहीर त्या उन्हाळ्यात तळाला गेलेली मी स्वतः पाहिली होती. पण शेतात गवत ठेवणाऱ्याची बाग गवतामुळं जगली हे मान्य करायला गावात कुणी तयार नव्हतं.

कारण आमच्याकडे शेतातलं गवत ही मालकाची अब्रू असते. "उत्तमराव, यंदा गवताला भाव काय हाय?" हा पारावरचा ठरलेला विनोद होता. ते उत्तर देत, "तुमच्यासाठी फुकट. चरायला या."

विनोदापर्यंत ठीक होतं. पण त्यांच्या मुलासाठी हसनाबादकडचं एक स्थळ आलं होतं. मुलीचे वडील बाग पाहायला आले. दोन ओळी चालले, थांबले आणि म्हणाले, "पावणे, घरात माणसं न्हाईत का कामाला?" उत्तमरावांनी सगळं समजावून सांगितलं, गवत उचलून खालची काळीभोर ओली माती दाखवली. पाहुण्यांनी ती हातात घेतली, सोडून दिली, हात झटकले आणि चहा घेऊन निघून गेले. निरोप आला की जिथं खुरपायला बाई लावायची ऐपत नाही तिथं पोरगी कशी द्यावी. मुलगा पुढं जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात लागला. लग्नही झालं. शेतावर आता सणाला येतो.

शहरातली तऱ्हा वेगळी. एकदा आमच्या गटानं शहरातल्या लोकांसाठी बागेची सहल काढली. मिनीबस भरून माणसं आली. एका गृहस्थांनी उतरल्या उतरल्या विचारलं, तुम्ही शेतकरी काडीकचरा जाळून सगळीकडे धूर का करता? उत्तमराव म्हणाले, "मी जाळत न्हाई साहेब. तुम्ही उभे हायेत ना, तुमच्या बुटाखाली तोच कचरा हाय." गृहस्थांनी बूट पाहिले आणि बाजूला झाले. नंतर ते फोनवर चित्रीकरण करायला लागले. ठिबकच्या काळ्या नळ्या मधे येत होत्या, तर म्हणाले, "या नळ्या जरा बाजूला घेता का? नैसर्गिक वाटत नाही." त्या नळ्यांनी थेंब थेंब मोजून पाणी दिलं म्हणून ही झाडं उभी होती. कौसाबाईंनी नळ्या बाजूला केल्या. सहल गेल्यावर परत जागेवर ओढल्या.

गिऱ्हाइकांचे फोन मला येत, कारण पेटीवर माझा नंबर असे. फळ स्वच्छ निघालं तर फोन येई, इतकं स्वच्छ कसं, म्हणजे काहीतरी मारलंय. फळावर डाग असला तर फोन येई, सडका माल पाठवला. एका बाईंनी एकाच पेटीबद्दल हे दोन्ही फोन केले होते, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. मोसंबीच्या सालीवर कोळी नावाची डोळ्याला न दिसणारी कीड बसते, जाळं विणणारा कोळी वेगळा. ती रस शोषते आणि साल तपकिरी, खरबरीत होते. याला आमच्याकडे मंगू म्हणतात. आतल्या फोडीला काही होत नाही, चव तीच राहते. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगू शकेन. पण मीच एकदा उत्तमरावांची मोसंबी घरी नेली, तर धाकटी मुलगी परडी बघून म्हणाली, "बाबा, ही खराब आहेत. बदलून आणा." तपासनिसाच्या घरात ही स्थिती.

आणखी एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गटात एक जण होता, त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या गोठ्यामागे मला बाटल्या सापडल्या, एकदा सोडून दोनदा. आम्ही त्याला गटातून काढला. त्यानं रस्त्यालगत बोर्ड लावला, डोक्याला मोठं पागोटं बांधलं, दारात बैलगाडी रंगवून उभी केली आणि बाजारातून आणलेली मोसंबी टोपलीत मांडून विकायला लागला. लोक गाडीजवळ उभे राहून फोटो काढतात आणि मागेल तो भाव देतात. त्याला आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकानं कशावरून असं विचारलेलं नाही. मी एकदा मुद्दाम थांबलो होतो. त्यानं मला ओळखलं, हसला आणि म्हणाला, "सर, तुमचा कागद कोन वाचतंय? लोकायला पागोटं वाचता येतं."

आता मागच्या वर्षाकडे येतो.

पोळा होऊन गेल्यावर कौसाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. संभाजीनगरला ऑपरेशन ठरलं, त्यात गुंतागुंत झाली आणि मुक्काम लांबला. मुलाला कारखान्यात रजा मिळेना. मंठ्याला दिलेली मुलगी बाळंतीण होती. उत्तमराव एकटेच दवाखान्यात. बाग, बैलजोडी, विहिरीची मोटार, सगळं सलीमभाईंनी पाहिलं. त्या दोघांच्या वडिलांपासूनची अशीच पद्धत आहे. एकाकडे अडचण आली की दुसऱ्यानं न सांगता त्याचं रान सांभाळायचं. यात हिशेब ठेवत नाहीत. हिशेब ठेवला तर तो अपमान समजतात.

सलीमभाईंची बाग नेहमीसारखी, फवारणीची. उत्तमराव औषध मारत नाहीत हे त्यांना माहीत होतंच. दोन्ही बागांमधे शेवरीचं कुंपण लावायला त्यांनीच उत्तमरावांना मदत केली होती, आपल्या फवाऱ्याचे तुषार पलीकडे जाऊ नयेत म्हणून. वारा पाहूनच ते फवारत. चांगला शेजारी याहून वेगळा काय असतो?

उत्तमराव कौसाबाईंना घेऊन परत आले त्याच सकाळी बागेत गेले. त्यांनी मला नंतर सांगितलं, "सर, आमच्या बागेत सकाळी चाललं की तोंडाला कोळ्याची जाळी लागतात. गमजानं पुसत पुसत चालावं लागतं. चौदा ओळी लागली. पुढं लागंनात. मला वाटलं कुणी माझ्या आधी चालून गेलं असंल. मंग खाली वाकून बघितलं तर मुंग्या बी न्हाईत."

त्यांनी बांधावरून हाक मारली. सलीमभाई खुशीतच आले. भाभीची तब्येत विचारली आणि मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या माझ्याकडच्या आठ ओळीला मंगू लागायला लागली होती. माझ्या बागेला मारलं, तवा त्या बी मारून घेतल्या. जल्दी केलं म्हनून वाचली. औषधाचं काय मनावर घेऊ नका, माझ्याकडनं समजा."

कौसाबाईंनी मला सांगितलं की उत्तमराव घरी येऊन बाजेवर बसले आणि बराच वेळ चपलाच काढल्या नाहीत. मग मला फोन आला. "सर, येऊन जा. आठ ओळी गेल्या."

मी गेलो. आमच्या नियमात फवारलेल्या झाडांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तीन वर्षं ती झाडं सांभाळायची, खर्च सगळा तोच, आणि फळ मात्र साध्या मालात विकायचं. बाकीच्या चौदा ओळींचे नमुने पाठवायचे, स्वच्छ आले तर दाखला राहतो. मी हे लिहून घेत होतो तेव्हा सलीमभाई शेजारी बसले होते. त्यांना हळूहळू समजत गेलं. ते म्हणाले, "सर, एक डाव पडलं म्हनून सात वर्सं वाया? असं कसं? आजारपनात उपास मोडला तर देव बी काय म्हनत न्हाई. आमच्यात बी आजाऱ्याला रोजा माफ असतो. भाभी दवाखान्यात, भाऊ तिकडं, खर्चा चालू. मला वाटलं, ह्या टायमाला चालतंय."

त्या क्षणी मला कळलं की कुंपण लावायला मदत करणारा, इतकी वर्षं वारा पाहून फवारणारा हा माणूससुद्धा उत्तमरावांच्या शेतीकडे व्रत म्हणून पाहत होता. त्यानं व्रताचा मान ठेवला होता, आणि अडचणीच्या वेळी मित्राला व्रतातून सूटही दिली होती. उत्तमराव रोज सकाळी करतात ती शेती आहे, झाड, माती आणि कीड यांचा धंदा आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी फक्त त्या दोघांच्या मधल्या बांधाखाली बाटल्या शोधत होतो.

नमुने गेले. चौदा ओळी स्वच्छ आल्या. दाखला राहिला. इथपर्यंत फक्त आठ ओळींचं नुकसान होतं.

उत्तमराव तेवढ्यावर थांबले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. आठ ओळींचं फळ मुकाट्यानं मोंढ्यात गेलं असतं. पुण्याला चौदा ओळींचंच जाणार होतं, तेही तपासलेलं. पण ते म्हणाले, "सात वर्सं त्या लोकायनी विचारलं, खरं सांगा. आता सांगायची वेळ आली, तर गप बसू?" आणि त्यांनी गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर आवाजातला संदेश टाकला. तो माझ्याकडे अजून आहे. "नमस्कार. मी उत्तमराव. माझ्या बागेत बावीसपैकी आठ ओळींवर औषध पडलं. मी दवाखान्यात होतो तवा पडलं, पण बाग माझी हाय. त्या ओळींचं फळ तुम्हाला येनार न्हाई. बाकीचं तपासून येईल. काय विचारायचं असंल तर विचारा."

आधी दोन-तीन अंगठे आले. मग एकानं लिहिलं, हे आता कळलं, आत्तापर्यंत काय काय पडलं असेल? दुसऱ्यानं लिहिलं, एकदा कबूल करतात म्हणजे दहा वेळा केलेलं असतं. तिसऱ्यानं लिहिलं, शेजाऱ्यावर ढकलणं सोपं असतं. मी प्रयोगशाळेचा अहवाल टाकला. त्यावर प्रश्न आला, तपासणीचे पैसे कुणी भरले? उत्तमरावांनी, मी सांगितलं. मग काय, असं उत्तर आलं. पैसे दुसरं कोण भरणार होतं? संभाजीनगरच्या एका दुकानात त्यांचा माल जात असे, तिथं ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. दुकानदारानं सरळ सांगितलं, यंदा राहू द्या, लोक विचारतात.

म्हणून अंजली मॅडम आल्या. या बाई वाईट नव्हत्या हे मला नमूद करायचं आहे. हा ग्रुप त्यांनीच उभा केला होता, पेट्या स्वतःच्या गाडीतून घरोघरी पोचवल्या होत्या, त्यावर एक रुपया घेतला नव्हता. चौदा ओळी त्या पायानं चालल्या. जाळी तोंडाला लागली तेव्हा हसल्या. मग आखाड्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "उत्तमराव, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण साठ घरं आहेत. तुम्ही ग्रुपवर टाकण्याआधी मला एक फोन करायला हवा होता. मी नीट शब्दांत सांगितलं असतं."

"मी वाकडं काय सांगितलं?" उत्तमरावांनी विचारलं.

"वाकडं नाही हो. पण लोक घाबरतात."

त्यांच्या यजमानांनी सलीमभाईंना विचारलं, "तुम्ही फवारण्याआधी यांना एक फोन का नाही केला?"

"साहेब, मानूस दवाखान्यात बायकोच्या उशाशी बसलेला," सलीमभाई म्हणाले, "त्याला फोन करून सांगू का, तुमच्या मोसंबीला मंगू लागली म्हनून? तुम्ही केला असता?"

सलीमभाई मग मॅडमकडे वळले. "बाई, चूक माझी. बिलकुल माझी. माझं नाव टाका तुमच्या त्याच्यात, फोटो टाका. पन भाऊचं फळ बंद करू नका."

"तसं नसतं ना सलीमभाई," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला ते ओळखत नाहीत."

"मला ओळखत न्हाईत, आन् भाऊला सात वर्सं ओळखतेत, तर मंग?"

मी पिशवीतून अहवालाची प्रत काढून बाजेवर ठेवली. कुणी हातात घेतली नाही. कौसाबाई इतका वेळ चुलीपाशी होत्या. ऑपरेशननंतर त्यांना फार बोलवत नव्हतं. त्या तिथूनच म्हणाल्या, "खरं बोलाया लागतंय, खरं बोलाया लागतंय, म्हनायच्या ह्या बाई फोनवर. बोललं तर राग आला. न बोलनाराचा राग येत न्हाई कुनाला." मग कपबश्या घेऊन आल्या आणि मॅडमला पहिला कप दिला.

मॅडमचा फोन मधेमधे वाजत होता. त्या वाचत होत्या आणि खाली ठेवत होत्या. शेवटी म्हणाल्या की चाळीस घरांनी आगाऊ परत मागितली आहे आणि उरलेली वीस काही बोलत नाहीत, म्हणजे तीही नाहीतच. एवढ्या थोड्या घरांसाठी पुण्यापर्यंत गाडी परवडत नाही. पुढच्या वर्षी बघू.

उत्तमरावांनी तांब्या उचलला आणि पुडकं त्यांच्या हातात दिलं. "मोजून घ्या." मॅडम नको म्हणाल्या. उत्तमरावांनी पुडकं परत घेतलं आणि त्यांच्यासमोर स्वतः मोजून दिलं. साठ घरांचे पाचशे प्रमाणे तीस हजार.

निघताना मॅडम गाडीपाशी थांबल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, स्वतःच्या घरासाठी चौदा ओळींतली एक पेटी मिळेल का? सासऱ्यांना दुसरीकडची मोसंबी चालत नाही. यजमान मागून म्हणाले, "घे, पण ग्रुपवर बोलू नकोस." कौसाबाईंनी निवडून पेटी भरून दिली. पैसे घेतले नाहीत.

मोसंबी झाडावर थांबत नाही. पंधरवड्यात सगळी तोड झाली. सलीमभाईंनी आपला ट्रॅक्टर लावला आणि माल जालन्याच्या मोंढ्यात आला. मीही गेलो, कारण तिथले आडते माझे जुने ओळखीचे. उत्तमरावांनी दोन ढीग वेगळे लावायला सांगितले, आठ ओळींचा एक आणि चौदा ओळींचा एक. आडत्याला म्हणाले, "हे फवारलेलं, ते बिनफवाऱ्याचं." आडत्यानं माझ्याकडे पाहिलं. "ह्यायला सांगा सर, इथं फळ डोळ्यानं विकतं."

लिलाव झाला. आठ ओळींचा ढीग पिवळाधमक, एकसारखा, डाग नाही. किलोला तेवीस रुपये. त्या सकाळच्या लिलावात त्याच्यापुढे कुणाचा भाव गेला नाही. चौदा ओळींच्या ढिगावर मंगूचे तपकिरी चट्टे होते. एका व्यापाऱ्यानं त्यातलं फळ हातात घेऊन नखानं खरवडलं, परत टाकलं आणि बोटं पुसली. चौदा रुपये. पुण्याची घरं याच फळाला साठ रुपये देत होती. सलीमभाई ट्रॉलीला टेकून उभे होते. ज्या ढिगाचा सगळ्यात जास्त भाव पुकारला गेला तो त्यांच्या हातचा होता, आणि ते खाली बघत होते.

पट्टी झाली, म्हणजे हमाली, तोलाई कापून किती हातात आले त्याची पावती. उत्तमरावांनी ती दोनदा वाचली आणि खिशात ठेवली. मोंढ्याबाहेर आलो. मला वाटलं चहा घेऊ. ते रस्ता ओलांडून समोरच्या कृषी सेवा केंद्रात शिरले. आम्ही दोघं मागे गेलो. त्यांनी काउंटरवर सलीमभाईंना विचारलं, "तुम्ही कोनतं मारलं होतं?"

"भाऊ, कशाला?"

"नाव सांगा."

सलीमभाईंनी सांगितलं. दुकानदारानं डबा काढला. उत्तमराव म्हणाले, दोन द्या. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "सर, पुढच्या टायमाला आलात तर बांधाखाली वाकू नका. तुमची कंबर दुखती. डबा आखाड्यात दारासमोरच ठेवतो."

मी त्यांना थांबवायला हवं होतं असं बायको म्हणते. काय सांगून थांबवणार होतो, ते मला अजून सुचलेलं नाही.

आठशे वीस रुपये प्रमाणे दोन डब्यांचे सोळाशे चाळीस रुपये उत्तमरावांनी कृषी सेवा केंद्राच्या मालकाला रोख दिले. एक डबा त्यांनी सलीमभाईंच्या हातात ठेवला, आठ ओळींना लागलेल्या औषधाच्या बदल्यात. सलीमभाईंनी तो धरला, पण कितीतरी वेळ पिशवीत टाकला नाही. दुसरा डबा उत्तमरावांनी आपल्यासाठी घेतला.